समिती जाईपर्यंत

८ सप्टेंबर, सोमवार

मी हॉस्टेलला राहते म्हणे. तीन वर्षांपासून!

आज प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं. मी, माझी मैत्रीण संस्कृती दहातोंडे आणि अजून वीसेक जणी. पुढच्या आठवड्यात नॅकची समिती येणार, कॉलेज तपासणार, ग्रेड देणार. ग्रेड गेली तर अनुदान गेलं, अनुदान गेलं तर कॉलेज गेलं – हे सरांनी इतक्यांदा सांगितलंय की झाडूवाल्या मावशींनाही पाठ असेल. तर समितीला दाखवायचंय की आपल्याकडं मुलींचं वसतिगृह आहे आणि ते भरलेलं आहे. आम्ही शनिवारपासून समिती जाईपर्यंत तिथं राहायचं. कुणी विचारलं की म्हणायचं, तीन वर्षं झाली.

वसतिगृह आहे, हे खोटं नाही. ग्राउंडच्या पलीकडं गुलाबी इमारत आहे, पाटी आहे, उद्घाटनाचा दगड आहे. भरलेलं आहे हेही खोटं नाही. कांद्यांनी भरलेलं आहे! संस्थेचे अध्यक्ष सूर्यभान आप्पा, त्यांचा उन्हाळी कांदा. खोल्यांना दोन्ही बाजूंनी खिडक्या, जाळ्या, हवा खेळती. कांदाचाळीत सडतो, इथं टिकतो. घोडेगावच्या बाजारात भाव आला की निघतो. मुलींना काय, कधीही ठेवता येईल. कांद्याचं तसं नाही ना.

बाहेर आल्यावर संस्कृती म्हणाली, "कोण गं तो मेला, आपल्या खोल्यांत कांदे ओतणारा? दिसू दे एकदा मला!"

मी बुटाची लेस बांधत बसले.

इथं लिहायला काय जातं. तो मेला म्हणजे माझे बाबा. आप्पांचा टेम्पो बाबा चालवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोल्या भरतात तेच, रिकाम्या करतात तेच. कॉलेजात कुणाला माहीत नाही. माझे बाबा ड्रायव्हर आहेत एवढंच मी सांगते. कुणाचे, ते सांगत नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

बाबा आज दिवसभर खोल्या खाली करत होते. सगळा कांदा आप्पांच्या वस्तीवर, गोठ्यापुढं ताडपत्रीखाली. घरी आले तेव्हा केसांत, भुवयांत, कानांत कांद्याची सालं. आईनं अंगणातच पाणी ओतलं.

जेवताना विचारलं. आईनं लगेच तोंड वाकडं केलं – "रातच्याला ऱ्हायचं? पोरीबाळींनी?" बाबा भाकरी मोडत राहिले. मग एकदम म्हणाले, "खोली कोन्ती दिली?"

"अजून नाही दिली."

"पुढची घे. मागल्या अंगाला वल हाय. कांदा टिकत न्हाई तितं."

एवढंच. याचाच अर्थ हो समजायचा. मग मी ताटं उचलली आणि ते किल्ल्यांचा जुडगा खुंटीला अडकवून झोपले. त्या जुडग्यात टेम्पोची किल्ली आणि लाल दोरा बांधलेली एक लांबट पितळी किल्ली आहे. लहानपणी मला वाटायचं आप्पांच्या तिजोरीची असेल. ती हॉस्टेलच्या मागच्या दाराची आहे हे मला गेल्या उन्हाळ्यात कळलं.

१० सप्टेंबर, बुधवार

आज पुन्हा जीप! पुन्हा अर्धवट प्रॅक्टिकल!

गावाकडं जाणारी संध्याकाळची एसटी जूनपासून बंद आहे. ड्रायव्हर नाहीत म्हणतात डेपोवाले. आता चारला काळी-पिवळी जीप निघते, ती चुकली की संपलं. आणि केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल दुपारी तीनला सुरू होतं. म्हणजे मी टी.वाय.ला आहे, केमिस्ट्री घेतलीय, आणि या सत्रात एकही टायट्रेशन शेवटापर्यंत केलेलं नाही. रंग बदलायच्या आत माझी जीप लागते. रीडिंग संस्कृतीचं उतरवते. तीही जीपवालीच, पण तिची दुसऱ्या दिशेची, अर्ध्या तासानं.

जुलैत एकदा चुकलीच होती जीप. फाट्यापासून चालत गेले, दिवेलागण उलटून गेली. वाटेत कुणीतरी पाहिलं, गावभर झालं. बाबांनी आवाज चढवला नाही, म्हणाले, "दिवाळीपर्यंत जा. फुडं न्हाई." मामानं लगेच कोपरगावचं स्थळ काढलं. मुलगा शुगर फॅक्टरीत आहे. मामाला कुठून वास लागतो कोण जाणे.

तर असं आहे. हॉस्टेल खरंच सुरू झालं तर मी शिकते. नाही तर दिवाळीला सगळं आटोपलं. आणि हॉस्टेल सुरू होतंय तर कशासाठी – पाच रात्रींच्या नाटकासाठी! चिडचिड होतेय नुसती.

१३ सप्टेंबर, शनिवार

आलो राहायला. पुढची खोली मिळाली. मी मागितली.

फिनाइल झालं, चुना झाला, धूप झाला. वास जात नाही! खाटेखाली कोपऱ्यात एक मोड आलेला कांदा सापडला. रुपालीनं तो ग्लासात पाणी घालून खिडकीत ठेवलाय. रुपाली म्हणजे आमची तिसरी, कर्जतकडची, पलीकडच्या गावात मावशीकडं राहते, तीही जीपनंच येते. सरांनी नाव घेतलं तरी रडायला येतं तिला.

विजयमाला मॅडमना रेक्टर केलंय. त्या मराठी शिकवतात, तासिका तत्त्वावर. त्यांना दोनदा सांगितलं गेलंय की बादल्या नव्या दिसता कामा नयेत. म्हणून आम्ही अख्खी दुपार नव्या बादल्या मातीनं घासल्या! स्वच्छ वस्तू घाण करायला माणसं लावणारं जगातलं हे पहिलं कॉलेज असेल. दोऱ्या बांधल्या, ओढण्या वाळत टाकल्या, उंबऱ्यात रांगोळी काढली. मॅडम म्हणाल्या, "अगं बाई, खरंच कुणी राहतंय असं वाटायला लागलं की!"

१४ सप्टेंबर, रविवार

रात्री सगळ्या जणी जिन्यात बसून गाण्याच्या भेंड्या. मग संस्कृतीनं प्राचार्यांची नक्कल केली, "ग्रेड गेली तर अनुदान गेलं". रुपाली हसून हसून खाली बसली. ती हसते हेच मला आज कळलं.

घरी या वेळेला मी भांडी घासत असते.

१५ सप्टेंबर, सोमवार

गुलाबी!!

आज सहापर्यंत लॅबमध्ये होते. जीप नाही, घड्याळ नाही. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत गेले, आणि एका थेंबाला फ्लास्क गुलाबी झाला. हलवला तरी रंग गेला नाही. पुस्तकात शंभरदा वाचलंय. पण तो आपल्या हाताखाली होतो तेव्हा वेगळंच. मी उगाच तीनदा केलं. लॅबवाले सर म्हणाले, "बास की आता, ॲसिड संपवतेस का संस्थेचं?"

मग मी, संस्कृती, रुपाली ग्राउंडवरून चालत खोलीवर आलो. दोनशे पावलंही नसतील. एवढ्याशासाठी माझं सगळं अडलेलं आहे याचा मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

रंगीत तालीम झाली. समितीचं काम करायला इंग्रजीचे सर बसले. "हाऊ लाँग आर यू स्टेइंग हिअर?" सगळ्या एका सुरात – "थ्री इयर्स सर!" तर ते म्हणाले, "एका सुरात नको. शाळेतली कविता वाटते."

संध्याकाळी संस्कृतीनं दार लावलं आणि म्हणाली, "सायली, हॉस्टेलबद्दल बोलायला तुलाच पुढं करणार आहेत. तू खरं सांगून टाक. कांदे होते म्हणावं. आम्ही पाच दिवसांच्या पाहुण्या आहोत म्हणावं. ते लिहून नेतील, मग यांना झक मारत सुरू करावं लागेल."

"आणि कॉलेजच बंद पडलं तर?"

"असल्या कॉलेजात दिवाळीनंतर तू असणारेस का?"

बरोबर आहे तिचं. मी म्हटलं, सांगते. तिनं माझा हात दाबला. "मी मागून हो म्हणेन. मोठ्यांदा."

इथपर्यंत ठीक होतं. मग प्राचार्यांनी बोलावलं. एकटीला. चहा मागवला! म्हणाले, तू हुशार आहेस, तुझ्यावर विश्वास आहे, दहा गावांच्या मुलींचा प्रश्न आहे. आणि दाराशी पोचले तर मागून, अगदी मायेनं – "तुझे वडील आप्पांकडंच आहेत ना? चांगला माणूस. आप्पांचा जीव आहे त्यांच्यावर. मग तुला काय वेगळं सांगायचं."

म्हणून माझं नाव पहिलं! हुशारी नाही, काही नाही. ज्याच्या गळ्यात आधीच दावं आहे तेच जनावर पुढं बांधलं.

संस्कृतीला यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं तर बाबांचंही सांगावं लागतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

समिती आली. तिघं जण. औक्षण, तुतारी, फेटे. नऊवारीत उभं राहून पाय दुखले. आज प्रयोगशाळा, ग्रंथालय. हॉस्टेल उद्या.

जेवले नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार, दुपार

खोटं बोलले.

समितीत एक वयस्कर मॅडम आहेत, कर्नाटकच्या, हिंदीत बोलतात. चांगल्या आहेत, तीच तर पंचाईत. खोलीत आल्या, खाटेवर बसल्या, रुपालीच्या ग्लासातल्या कांद्याकडं बघून हसल्या. मग मला विचारलं, "यहाँ सेफ लगता है?" मी म्हटलं, "हाँ मॅडम." ते खरं होतं. "कब से हो?"

प्राचार्य दारात. विजयमाला मॅडम पदराचं टोक पिळतायत. संस्कृती माझ्या मागं, तिचा श्वास ऐकू येत होता मला. मला समोर दिसत होते बाबा, अंगणात, कानातली सालं काढताना. त्यांना दुसरं काम कोण देणार? आणि आप्पांनी तालुक्यात शब्द टाकला तर तेही नाही.

"तीन साल से," म्हटलं.

त्या म्हणाल्या, "बहुत अच्छा." आणि उठल्या. इतक्या लवकर उठल्या! थोडं थांबल्या असत्या तर, अजून एक काही विचारलं असतं तर... नाही. उगाच दुसऱ्यावर ढकलू नये. त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

संस्कृती बोलत नाही. "भित्री" एवढंच म्हणाली. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

१८ सप्टेंबर, झोपायच्या आधी

क्रमानं लिहिते.

चारला समितीची शेवटची बैठक झाली. शाल, श्रीफळ, फोटो. मग त्यांना शिंगणापूरला दर्शनाला नेलं, तिथून पुढं शिर्डी. गाड्या गेटबाहेर पडल्या न पडल्या तोच शिपाई आला – आवरा, गाद्या व्हरांड्यात काढा, जीप येतेय. आम्ही गाद्या काढायला लागलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि टेम्पो आला. आजच! वर आभाळ भरून आलेलं, वस्तीवरच्या ताडपत्रीखालचा कांदा भिजेल म्हणून आप्पांना घाई. रिव्हर्स घेत थेट व्हरांड्याला लागला. आमच्या गाद्यांपासून हातभर अंतरावर. ती पीं-पीं-पीं मला झोपेतही ओळखू येईल.

मी खांबामागं झाले. हो, लपले. लिहितेच.

बाबा उतरले. टेम्पोचा मागचा फाळका उघडायला गेले. तेवढ्यात रुपाली – रुपाली! – गादीची वळकटी घेऊन उंबऱ्यातच बसली. रडत होतीच, पण उठेना. शिपाई म्हणाला, ऊठ गं. ती म्हणाली, "उद्या माझं प्रॅक्टिकल हाय. अर्धंच झालंय. मी न्हाई उठत." तिच्या शेजारी संस्कृती बसली. मग अजून दोघी. मग रांगोळीवरच सगळ्या बसल्या.

प्राचार्य धावत आले. ओरडता येईना, कारण समितीची एक गाडी विसरलेली फाईल न्यायला परत आली होती, ऑफिसपुढं उभी. दात आवळून हळू आवाजात बोलत होते. मग इकडंतिकडं बघून मला शोधून काढलं. "सायली, तू सांग यांना."

मी खांबामागून बाहेर आले. बाबांनी तेव्हा मला पाहिलं. त्यांना वाटलं होतं मी जीपमध्ये बसले असेन.

मी म्हटलं, "काय सांगू सर? आम्ही तीन वर्षं इथंच राहतो ना? मी सकाळी समितीला सांगितलंय. मग आता कुठं जायचं आम्ही? का मी खोटं सांगितलं? तसं असेल तर ती गाडी उभी आहे, मी जाऊन दुरुस्त करून येते."

माझ्या तोंडून हे कसं निघालं मला माहीत नाही. ठरवलेलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं!

सर पांढरे पडले. मग संस्कृतीनं टेम्पोकडं हात केला आणि ओरडली, "ओ काका, न्या ते कांदे! माणसं राहतात इथं!"

मी म्हटलं, "संस्कृती, ते माझे बाबा आहेत."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग बाबांकडं. बाबांचा हात फाळक्यावर होता, एक कडी निघालेली. खाली बघत होते. मला वाटलं आता बोलतील, चल घरी म्हणतील. त्यांनी कडी परत बसवली. केबिनमध्ये चढले. टेम्पो गेला. भरलेलाच गेला. फाट्याशी पोचला असेल तोवर पाऊस सुरू झाला.

माझ्याकडं त्यांनी परत पाहिलं नाही. रागानं की कसं, काही कळलं नाही मला. फोन बंद लागतोय.

संस्कृतीनं आत्ता विचारलं, "म्हणून सकाळी तसं बोललीस?" मी हो म्हटलं. तिनं तिच्या डब्यातली अर्धी चटणी माझ्या ताटात सरकवली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पाणी नाही.

सकाळी टाकी संपली. मोटरचा खटका मागच्या दाराआडच्या खोलीत आहे आणि त्या दाराला कुलूप. शिपाई म्हणतो किल्ली कॉलेजकडं नाहीच, आप्पांच्या माणसाकडं असते. प्राचार्य म्हणतात, "आम्ही कुणाला हाकललं का? राहा ना. पाण्याची सोय झाली की कळवू." साळसूद नुसते! समिती गेली आता. शिर्डीहून परस्पर स्टेशनवर पोचवली. आता आम्ही कुणाला काय सांगणार?

विजयमाला मॅडम सकाळी म्हणाल्या, "मला यात ओढू नका गं, मी तासिकेवर आहे, पुढच्या सत्रात तास देणार नाहीत." संध्याकाळी स्कूटीवर दोन कॅन पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, मी आले नव्हते असं समजा.

किल्ली कुणाकडं आहे ते मला माहीत आहे. लाल दोऱ्याची, पितळी. माझ्या घरी खुंटीला असते. एक फोन केला की झालं.

नाही करणार. ती किल्ली आली तर कुणी दिली ते आप्पांना पोराटोरांना विचारावं लागणार नाही. माझ्या शिक्षणासाठी बाबांचं काम मी घालवू? तेवढी निगरगट्ट मी नाही. कालच जे बोलले त्याचं काय होणार तेच कळत नाही.

संस्कृतीला सांगितलं किल्लीचं. म्हटलं, बोल, भित्री म्हण. ती म्हणाली, "नको मागूस." मग बराच वेळ बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिली.

२० सप्टेंबर, शनिवार

आठ जणी गेल्या. सोमवारी घट बसणार, घरून सारखे फोन. एकीचे वडील येऊन ओरडून घेऊन गेले. ती जाताना तिची मातीनं घासलेली बादली आम्हाला देऊन गेली.

आईचा फोन आला. आवाज दबलेला. "तुजे बाबा बोलत न्हाईत. जेवत बी न्हाईत नीट. आप्पांनी वस्तीवर बोलीवलंय. कांदा लई भिजला म्हनं, निम्मा फेकावा लागल." मग – "तू काय बोलली गं तितं, चार मानसांत?"

मी विचारलं, बाबा रागावलेत का? आई म्हणाली, "मला काय इचारती. मला कदी काय सांगितलंय त्यांनी."

भिजलेला कांदा. तो बाबांच्या अंगावर येणार, माझ्या नाही.

मामाचा पण फोन. कोपरगावकर घटात बघायला येतो म्हणतायत. आधीच उल्हास!

२१ सप्टेंबर, रविवार

अजून पाच गेल्या. उरलो नऊ. कॉलेजच्या नळावरून घागरी आणतोय, तर तिथंही आज कुणीतरी नळाची तोटी काढून नेली. रुपालीच्या कांद्याला हिरवी पात आलीय, ग्लासातलं पाणी तिनं बदललं तर एकीनं तिला झापलं. प्यायला नाही आणि कांद्याला! मग ती रडली, मग जिनं झापलं ती पण रडली.

मी बॅग भरून ठेवलीय. कुणाला सांगितलं नाही. आपल्यामुळं आठ जणी तहानलेल्या राहतायत, घरी बाबा जेवत नाहीत, कशासाठी? एका गुलाबी रंगासाठी? उद्या सकाळच्या जीपनं जाते. बाबांच्या पाया पडते. बघू दे कोपरगावकरांना.

लिहून मोकळं वाटेल वाटलं होतं. नाही वाटत.

२२ सप्टेंबर, सोमवार

बाबा आले होते. एसटीनं, फाट्यापासून चालत. टेम्पो नाही. अंघोळ केलेली, टोपी धुतलेली, कानात एक साल नाही.

दारात उभे राहिले, आत आले नाहीत. खिशातून किल्ली काढली. लाल दोऱ्याची. जुडग्यातून सुटी केलेली.

"मागल्या दाराची हाय. खटका उजव्या हाताला."

मी म्हटलं, "बाबा, आप्पांना?"

"त्यांना टेम्पोची दिली. हिचं त्यांनी काय इचारलं न्हाई."

"आता काय करणार तुम्ही?"

"बघू." मग खोलीत एकदा डोकावले, भिंतीवर हात फिरवला. "हितं वल न्हाई ना?"

"नाही."

"मंग ऱ्हा."

चहालाही थांबले नाहीत, परतीची गाडी होती. मागचं दार मीच उघडलं. खटका उजव्या हाताला होता. टाकी भरतेय, वाजतेय वर. संस्कृती सगळ्यांच्या बादल्या ओळीनं लावतेय.

बॅग रिकामी केली.